विषवायूस क्षेपणास्त्राचे उत्तर

शहापूरहून मुरबाडच्या वाटेला लागले म्हणजे भातसा नदीच्या काठी सापगाव लागते. परराष्ट्रनीतीच्या चर्चेत या गावाचे नाव वाचकांनी कधी ऐकले नसेल, आणि आज ते येथे येण्याचे कारणही वरकरणी क्षुल्लक आहे. पावसाळा सुरू झाला की आपल्याकडच्या कोणत्याही गावी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो. तिचा उग्र वास दोन दिवस पाण्याला येतो आणि बायाबापड्या कुरकुर करतात. पण पटकीची साथ टळते. भातसा धरणातून सुटलेले पाणीही याच नदीने खाली वाहत जाते, पिसे येथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईकरांच्या नळाला येते. (ज्या शहापूर तालुक्यात ही धरणे आहेत, त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) विहिरीतील ती भुकटी असो की महानगराच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण, जंतू मारण्याचे काम करतो तो क्लोरीन.

हाच क्लोरीन 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्र या गावापाशी जर्मन सैन्याने हजारो नळकांड्यांतून वाऱ्यावर सोडला, आणि आधुनिक रासायनिक युद्धाचा आरंभ झाला. त्यानंतर एका शतकाने, 7 एप्रिल 2018 रोजी, दमास्कसजवळच्या डूमा येथे एका रहिवासी इमारतीत याच वायूने माणसे गुदमरून मेली. हवेहून जड असलेला हा वायू खाली उतरतो; बाँबच्या भयाने जे तळघरात शिरतात त्यांनाच तो आधी गाठतो. सीरियन हवाई दलाच्या हेलिकॉप्टरातून दोन नळकांडी टाकली गेली व 43 माणसे मृत्युमुखी पडली, असे मानण्यास सबळ आधार आहे, असा निष्कर्ष रासायनिक अस्त्रबंदी संघटनेच्या अन्वेषण पथकाने काढला. त्याची तारीख मात्र लक्षात ठेवावयास हवी. तो निष्कर्ष जानेवारी 2023 मध्ये आला. शिक्षा 14 एप्रिल 2018 च्या पहाटेच देऊन झाली होती. त्या पहाटे अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांनी शंभरावर क्षेपणास्त्रे सीरियातील तीन ठिकाणांवर डागली. आणि त्याच दिवशी अस्त्रबंदी संघटनेचे सत्यशोधक पथक चौकशीसाठी दमास्कसला पोचत होते.

आधी शिक्षा, मग चौकशी आणि पाच वर्षांनी निकाल, हा क्रम कोणत्याही न्यायासनाला शोभणारा नाही. परंतु एवढे म्हणून हात झटकणेही सोपे नाही. एखाद्या राजवटीने आपल्याच प्रजेवर विषवायू सोडला, तर इतर राष्ट्रांनी तिच्यावर शस्त्र उगारणे न्याय्य आहे की नाही, या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावेच लागते. बशर अल असद यांची राजवट 8 डिसेंबर 2024 रोजी कोसळली. युद्धाच्या आरडाओरड्यात जो हिशेब मांडता येत नव्हता, तो आता शांतपणे मांडता येईल.

हा विषय परक्यांचा आहे असे आमच्या काही वाचकांस वाटेल. आम्ही शाळेत इतिहास शिकवीत असू तेव्हा पाठ्यपुस्तक पहिल्या महायुद्धातील विषवायूला जेमतेम एक ओळ देत असे, आणि त्या ओळीत हिंदी माणसाचे नावही नसे. वास्तविक ईप्रच्या त्या लढाईत, 26 एप्रिल 1915 रोजी, हिंदी लष्कराची लाहोर डिव्हिजन या वायूच्या तोंडी गेली. मुखवटे नव्हते; तोंडाला ओले फडके बांधणे हाच काय तो बचाव. त्या दिवशीच्या पराक्रमासाठी जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्या याच डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या होत्या. पुढे 1919 मध्ये, ब्रिटनचे युद्धमंत्री असताना, चर्चिल यांनी वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांविरुद्ध वायू वापरण्याचा आग्रह धरला आणि त्यास नाके मुरडणाऱ्या इंडिया ऑफिसच्या अधिकाऱ्यांना खडसावले. त्यांच्या मनात प्रामुख्याने अश्रुधुरासारखे सौम्य वायू होते, असा खुलासा त्यांचे अभ्यासक करतात. तो जमेस धरू. परंतु 1930 च्या दशकात रावळपिंडी येथे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मस्टर्ड वायूच्या परिणामांची परीक्षा हिंदी शिपायांच्या कातडीवर केली, त्याला कोणता खुलासा पुरेल? शेकडो शिपाई त्या कोठड्यांत पाठविले गेले. ही हकीकत जगापुढे ठळकपणे आली ती 2007 साली.

हे सांगण्याचा हेतू लंडनला वा वॉशिंग्टनला टोमणा मारण्याचा नाही. पूर्वजांच्या पापामुळे नातवंडांनी सत्कृत्य करूच नये असा काही न्याय नाही. हेतू इतकाच, की विषवायू म्हणजे काय हे हिंदी माणसाला ऐकीव नाही. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळने ते पुन्हा अनुभवले. तेथे शत्रू नव्हता आणि युद्धही नव्हते. तरी झोपडपट्टीतील माणसे त्याच रीतीने मेली, डोळे जळत, छाती भरत, कोठे पळावे ते न कळत. अशा देशाने या प्रश्नावर केवळ ‘चिंता व्यक्त’ करून थांबावे, हे आम्हास पटत नाही.

प्रथम, शस्त्र उगारावे असे म्हणणाऱ्यांची बाजू. ती दुबळी नाही. 16 मार्च 1988 रोजी इराकच्या सद्दाम हुसेन राजवटीने हलब्जा या कुर्दी गावावर विषवायूचा वर्षाव केला. मृतांची संख्या पाच हजारांपर्यंत सांगितली जाते. त्याच्या आदल्या वर्षी जून 1987 मध्ये इराणच्या सरदश्त शहरावर तोच प्रयोग झाला होता. जगाने काय केले? सुरक्षा समितीने निषेधाचे ठराव केले. अमेरिका त्या काळात इराकला लढाईची गुप्त माहिती पुरवीत होती. त्या गुन्ह्याबद्दल इराकवर कोणत्याही तिऱ्हाईत राष्ट्राने शस्त्र उगारले नाही. आणि जुलमी सत्तेने त्यातून जो अर्थ घ्यावयाचा तो घेतला. 1925 चा जिनिव्हा करार असा वायू वापरण्यास मनाई करतो. पण मनाई मोडणाऱ्यास काही होत नसेल, तर तो करार म्हणजे शाळेच्या भिंतीवर लिहिलेला सुविचार. ‘शिक्षेवाचून नियम टिकत नाही’ असे जे म्हणतात त्यांच्या मागे हलब्जाचे मृत उभे आहेत, हे शांततावाद्यांनी विसरू नये.

आता दुसरी बाजू. 20 ऑगस्ट 1998 रोजी अमेरिकेने सुदानमध्ये खार्टुम येथील अल-शिफा हा औषधांचा कारखाना क्षेपणास्त्रांनी जमीनदोस्त केला. तेथे विषवायूचे घटकद्रव्य तयार होते, असे कारण दिले गेले. आधार होता मातीच्या एका नमुन्याचा. पुढे त्या पुराव्याविषयी खुद्द अमेरिकेतच गंभीर शंका उपस्थित झाल्या. पण गरीब देशाच्या औषधपुरवठ्याचा एक मोठा आधार तोवर राखेत गेला होता. चौकशीची मागणी सुदानने केली, ती झाली नाही. 2003 साली इराकवरील स्वारीचेही मुख्य निमित्त रासायनिक व तत्सम अस्त्रांचे साठे हेच होते. स्वारी झाली, राजवट गेली, देश विस्कटला आणि अमेरिकेनेच नेमलेल्या शोधपथकाने 2004 मध्ये सांगितले की असे साठे तेथे नव्हतेच. ते नव्हते याचे कारणही ध्यानात घेण्याजोगे आहे. 1991 च्या युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक वर्षानुवर्षे इराकमध्ये राहिले आणि त्यांच्या देखरेखीखाली ते साठे नष्ट झाले होते. निरीक्षकांनी जे काम पुरे केले होते, तेच काम करावयाचे म्हणून बारा वर्षांनी सैन्य पाठविले गेले.

याच ठिकाणी आमच्या मते प्रश्नाची खरी मेख आहे, आणि सीरियाचा वृत्तान्त ती अधिक उघड करतो. 21 ऑगस्ट 2013 रोजी दमास्कसच्या घूता भागात सॅरिन या विषारी द्रव्याचा मारा झाला. मृतांचा आकडा काही शेकड्यांपासून चौदाशेपर्यंत वेगवेगळा दिला जातो. अमेरिकेने हल्ल्याची तयारी केली. 29 ऑगस्टला ब्रिटिश लोकसभेने 285 विरुद्ध 272 मतांनी आपल्या पंतप्रधानांना नकार दिला. सेंट पीटर्सबर्गच्या जी-20 परिषदेत आपले पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी, निरीक्षकांच्या अहवालाची वाट पाहावी व जे करावयाचे ते संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत करावे, असे सांगितले. मग 14 सप्टेंबरला रशिया व अमेरिका यांच्यात तह ठरला, सीरियाने रासायनिक अस्त्रबंदीच्या करारात प्रवेश केला, 27 सप्टेंबरला सुरक्षा समितीने 2118 क्रमांकाचा ठराव एकमताने केला, आणि जून 2014 पर्यंत सीरियाने घोषित केलेली सुमारे 1,300 टन रासायनिक सामग्री देशाबाहेर गेली. भारतानेही या कामासाठी दहा लक्ष डॉलर दिले. एकही क्षेपणास्त्र न सुटता जितका विषसाठा हलला, तितका कोणत्याही हल्ल्याने हलविला नसता. किंबहुना हल्ल्याने तो आसपासच्या वस्तीवरच पसरला असता.

परंतु या यशाचे सारे श्रेय वाटाघाटींना देणारे आमचे मित्र एक गोष्ट सोयिस्करपणे गाळतात. भूमध्य समुद्रात युद्धनौका सज्ज उभ्या होत्या म्हणूनच दमास्कसची जीभ सैल झाली. आपल्याकडे असली अस्त्रे आहेत हे तोवर सरळ मान्य न करणारी राजवट पंधरवड्यात कराराच्या कागदावर सही करती झाली, ती काही सद्‌बुद्धी सुचून नव्हे. बळाचा धाक मागे होता. निरीक्षक पुढे होते. हा क्रम साधला तेव्हा काम झाले.

तो क्रम पुढे उलटला. सीरियाने सारे घोषित केलेच नव्हते. 4 एप्रिल 2017 रोजी खान शेखून येथे पुन्हा सॅरिन आले. 7 एप्रिलला अमेरिकेने शायरत विमानतळावर 59 टॉमहॉक क्षेपणास्त्रे टाकली. आणि एक-दोन दिवसांतच त्याच तळावरून विमाने पुन्हा उडू लागली. वर्षभरात डूमा घडले. त्यानंतरच्या प्रहाराने सीरियाचे हात थोडे आखडले असे काही जाणकार म्हणतात. मोठा सॅरिन-हल्ला पुन्हा झाला नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने आहे. पण घूताचा प्रदेश तोवर राजवटीच्या हाती आलाच होता, तेव्हा वायूची गरजही उरली नव्हती, ही गोष्ट विरुद्ध बाजूस मांडावी लागते. आणि ज्यांच्या रक्षणार्थ ही क्षेपणास्त्रे गेली त्यांचे काय झाले? मार्च 2011 ते मार्च 2021 या दहा वर्षांत सीरियात तीन लाख सहा हजारांवर नागरिक मारले गेले, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अंदाज आहे. त्यांपैकी वायूने मेले ते अगदी थोडे. बाकीचे तोफगोळ्यांनी, पिंपात स्फोटके भरून केलेल्या बाँबांनी, उपासमारीने आणि तुरुंगातील छळाने मेले. 14 एप्रिलच्या पहाटेचा संदेश सीरियन शासकाने असा वाचला असल्यास नवल नाही, की मारण्यास हरकत नाही, फक्त साधन बदला.

यावर कोणी आम्हास विचारील, की मग 1971 साली आपण काय केले? हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. पूर्व बंगालमध्ये पाकिस्तानी लष्कराने आपल्याच प्रजेचा संहार मांडला, एक कोटीच्या घरात निर्वासित आपल्या भूमीवर आले आणि अखेर भारतीय सैन्याने सरहद्द ओलांडली. 7 डिसेंबर 1971 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 104 विरुद्ध 11 मतांनी युद्धबंदी व सैन्यमाघारीची मागणी केली. जगाचे बहुमत उघड आपल्याविरुद्ध होते. सुरक्षा समितीत रशियाचा नकाराधिकार आपल्या कामी आला. त्याआधी दहा वर्षे, डिसेंबर 1961 मध्ये, गोव्याच्या वेळीही तोच आला होता. तेव्हा ‘सुरक्षा समितीच्या परवानगीवाचून बळाचा वापर सर्वथैव निषिद्ध’ हे वाक्य दिल्लीने उच्चारले की ऐकणारा गालात हसतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

आम्ही 1971 चे समर्थन करतो, आणि 2018 चे करीत नाही. कारण सांगतो. त्या वर्षी मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत भारताने वाट पाहिली. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः पाश्चात्त्य राजधान्यांतून फिरल्या. 3 डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर हल्ला केला, तेव्हा उघड युद्धाला तोंड लागले. संहार होतो की नाही याविषयी शंकेला जागा नव्हती. पुरावा छावण्या-छावण्यांतून जिवंत बसला होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम पुरे झाले. संहार थांबला, निर्वासित घरी परतले आणि मार्च 1972 मध्ये आपले सैन्य बांगलादेशातून माघारी आले. बळाचा वापर ज्याला करावयाचा आहे त्याने ज्यांच्यासाठी तो करावयाचा त्यांच्या अंतापर्यंत सोबत राहण्याची किंमत मोजली पाहिजे. समुद्रातून क्षेपणास्त्रे सोडून सकाळी ‘कामगिरी फत्ते’ म्हणून जाहीर करणाऱ्याला ती किंमत मोजावयाची नसते. त्याला आपल्या संतापाची पोच तेवढी हवी असते.

यास्तव आमचे उत्तर असे आहे. विषवायूच्या वापरास बळाने उत्तर देणे केव्हाच न्याय्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु गुन्हा कोणाचा हे निःपक्ष चौकशीने ठरण्यापूर्वी आणि माणसे वाचविण्याची पुढील योजना हाती नसताना केलेला प्रहार न्याय्य ठरत नाही. क्लोरीनच्या बाबतीत तर ही अट शतपट महत्त्वाची. सॅरिन कोणी घरी ठेवीत नाही. क्लोरीन प्रत्येक जलशुद्धीकरण केंद्रात असतो. 2010 च्या जुलैत मुंबईत शिवडीच्या बंदर आवारात पडून राहिलेल्या जुन्या नळकांड्यांतून तो गळला आणि कितीतरी माणसे इस्पितळात गेली. जो वायू गळूही शकतो आणि टाकलाही जाऊ शकतो, त्याचा गुन्हेगार उपग्रहाच्या छायाचित्रावरून ठरत नाही. त्यासाठी माणसांना त्या तळघरात उतरावे लागते, भिंतीचा गिलावा खरवडून न्यावा लागतो, वाचलेल्यांचे जबाब घ्यावे लागतात. डूमाच्या चौकशीवर संस्थेच्याच काही माजी निरीक्षकांनी पुढे आक्षेप घेतले. ते वादही अहवालाच्या पानांवरच लढले जाऊ शकतात, क्षेपणास्त्रांनी उडालेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यावर नव्हे.

आणि येथेच आमचा आमच्या सरकारवर रोष आहे. खान शेखूनचा गुन्हेगार कोण हे ऑक्टोबर 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रे व अस्त्रबंदी संघटना यांच्या संयुक्त पथकाने सांगितले, सीरियन सरकारकडे बोट दाखविले. त्या पथकाची मुदत वाढविण्याचे ठराव रशियाने नकाराधिकाराने पाडले. त्यामुळे डूमा घडले त्या दिवशी गुन्हेगाराचे नाव घेण्याचा अधिकार असलेली कोणतीही संस्था जगात अस्तित्वात नव्हती. एप्रिलमध्ये भारताने काय म्हटले? अस्त्रबंदी संघटनेकडून वस्तुनिष्ठ चौकशी व्हावी. उत्तम. दोनच महिन्यांनी, 27 जून 2018 रोजी, गुन्हेगार कोण हे ठरविण्याचा अधिकार त्या संघटनेला द्यावा असा ठराव हेग येथे आला आणि 82 विरुद्ध 24 मतांनी संमत झाला. त्या 24 मतांत भारताचे एक होते. पुरेशी चर्चा झाली नाही, संघटनेच्या मूळ अधिकारकक्षेस धक्का लागतो, असे आपल्या प्रतिनिधीचे म्हणणे होते. त्यात कायद्याच्या दृष्टीने तथ्य नसेल असे नाही. तथापि क्षेपणास्त्रे नकोत असेही म्हणावयाचे आणि पंचाने चोराचे नावही घेऊ नये असेही म्हणावयाचे, तर मग डूमातल्या बापाने कोणाच्या दारी जावे? मॉस्कोशी आपला जुना स्नेह आहे. बांगलादेशाच्या वेळचे ऋण वर सांगितलेच. परंतु स्नेहाची परतफेड परक्यांच्या मुलांच्या फुप्फुसांनी करावयाची नसते.

हे आम्ही इतक्या आग्रहाने लिहितो, कारण या विषयात भारताला जी प्रतिष्ठा आहे ती फार थोड्या देशांना आहे, आणि ती सरळ मार्गाने आलेली नाही. ऑगस्ट 1992 मध्ये पाकिस्तानबरोबरच्या संयुक्त जाहीरनाम्यात, आपण रासायनिक अस्त्रे तयार करणार नाही व मिळविणार नाही, असे आपण म्हटले. जानेवारी 1993 मध्ये अस्त्रबंदीच्या करारावर सही केली, 1996 मध्ये त्याला मान्यता दिली; आणि तो अंमलात आल्यावर, जून 1997 मध्ये, आपल्यापाशी 1,044 टन मस्टर्ड आहे असे जगास सांगितले. ज्यांनी पाच वर्षांपूर्वीचा जाहीरनामा वाचला होता त्यांच्या भुवया उंचावल्या, हे साहजिक होते. परंतु त्या कबुलीनंतर कोणी आपल्यावर क्षेपणास्त्र डागले नाही. परदेशी निरीक्षक आले, त्यांनी पिंपे मोजली, मोहरा लावल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत 2009 पर्यंत तो साठा अखेरच्या किलोपर्यंत नष्ट झाला. आल्बेनिया व दक्षिण कोरिया यांच्यानंतर साठा संपूर्ण नष्ट करणारा भारत हा तिसरा देश ठरला. अमेरिकेला ते काम पुरे करण्यास जुलै 2023 उजाडले. 2000 सालच्या कायद्यान्वये आपल्या खाजगी रासायनिक कारखान्यांचीही तपासणी होऊ शकते. डोंबिवली-अंबरनाथच्या पट्ट्यातील उद्योजकांना हे ठाऊक आहे, आणि त्या तपासणीने कोणाचे सार्वभौमत्व गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

असद गेल्यानंतर अस्त्रबंदी संघटनेच्या प्रमुखांनी फेब्रुवारी 2025 मध्ये दमास्कसला भेट दिली. सीरियाने पूर्वी कधीच न दाखविलेली, तपासावी लागतील अशी ठिकाणे शंभरावर असतील असा संघटनेचा कयास आहे. हे काम वर्षानुवर्षांचे आहे. त्याला पैसा लागेल आणि त्याहून अधिक, मस्टर्डचे पिंप सुरक्षितपणे उघडता येणारे हात लागतील. असे हात आपल्याकडे आहेत. ग्वाल्हेरला संरक्षण संशोधन खात्याची याच विषयाला वाहिलेली प्रयोगशाळा आहे. सरकारने हेगला कळवून ती माणसे देऊ करावीत. आणि 27 जून 2018 चे ते मत कोणत्या विचाराने दिले, ते आजही तसेच द्यावयाचे आहे काय, हे लोकसभेतील कोणत्या तरी सभासदाने, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, परराष्ट्रमंत्र्यांना उभे राहून विचारावे.